भेटकरंडीचा जमाखर्च

आपल्या घरांतून भेट सहसा रिकाम्या हातानें जात नाहीं. लेकीच्या पहिल्या दिवाळसणाला फराळाचे डबे जातात. अधिक महिन्यांत जांवयाला तेहतीस अनारशांचें वाण दिलें जातें. संक्रांतीला सुगडें भरलीं जातात. लग्नाच्या मांडवांत रुखवत मांडलें जातें आणि तें पाहण्यास सारी वरपक्षाची मंडळी जमते. सूप असो, परात असो वा टोपली असो, आंतल्या जिनसांइतकीच त्यांची मांडणीही देणाराचें मन सांगते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. हल्लीं 'गिफ्ट हॅम्पर' या नांवानें जी सजविलेली करंडी दिवाळींत घरोघरीं व कचेऱ्यांतून फिरते, ती या वाणाचीच धाकटी बहीण होय. ती करण्याचें कसबही आपल्या स्त्रियांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळें पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील अनेक गृहिणींना, आणि नोकरी सोडून घरीं बसाव्या लागलेल्या कित्येक मुलींना, हा धंदा आपलासा वाटावा यांत नवल नाहीं.

परंतु वाण देणें आणि वाण विकणें या दोन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाण देतांना हात आखडता घेऊं नये, तूप सैल सोडावें, मोजणी करूं नये, असें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें. आणि तें योग्यच आहे. विकतांना मात्र हीच शिकवण घातक ठरते. भेटकरंडीच्या धंद्यांत जे लोक बुडतात, ते बहुधा माल वाईट म्हणून बुडत नाहींत. विकावयाची वस्तु देण्याच्या वृत्तीनें तयार केली, म्हणून बुडतात. त्यांतही जो खर्च सर्वांत मोठा, तोच वहींत लिहिला जात नाहीं. तो कोणता, हें एका उदाहरणानें पाहूं.

वरवरचा नफा

एक साधी दिवाळीची करंडी घ्या. तींत पाव किलो चिवडा, पाव किलो चकली, दोनशें ग्रॅम शंकरपाळे, चार बेसनाचे लाडू, शंभर ग्रॅम काजू-बदाम, दोन पणत्या आणि उटण्याची एक पुडी आहे. किंमत ९०० रुपये ठेविली आहे, आणि अशा १०० करंड्यांची मागणी आली आहे. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. गांवोगांवीं आणि वर्षोवर्षीं ते बदलतील, व ज्यानें त्यानें आपापले आंकडे घालावेत. हिशेबाची रीति मात्र बदलणार नाहीं.

फराळाचें वाणसामान २५० रुपये, काजू-बदाम ११० रुपये, पणत्या व उटणें ५० रुपये, वेताची वा बांबूची करंडी १२० रुपये, आंतील पिशव्या, कागद, फीत व शुभेच्छापत्र मिळून ५० रुपये, आणि बाहेरचा खोका ३० रुपये: एकूण ६१० रुपये झाले. नऊशेंतून सहाशें दहा वजा जातां २९० उरले. शंभर करंड्यांचे २९,००० रुपये! महिनाभराच्या कामाचे, तेंही घरबसल्या, एवढे पैसे मिळाले तर वाईट काय, असें कोणीही म्हणेल. बहुतेक घरांत हिशेब येथेंच थांबतो.

तो येथें थांबूं नये. गॅस व वीज धरून प्रत्येक करंडीमागें १५ रुपये लागले. गांवांतल्या गांवांत पोंचविण्यास, रिक्षानें असो वा पोंचविणाऱ्या मुलाच्या हातीं असो, सरासरी ७० रुपये गेले. चकली ही तुटणारी वस्तु, शंकरपाळे सादळतात, एखादा घाणा करपतो, पणतीचा कांठ उडतो. या तुटीफुटीला २५ रुपये धरावेत. ज्यानें पन्नास करंड्या एकदम घेतल्या तो शेंकडा दहा सवलत मागणारच. ती निम्म्या मालावर दिली असें धरलें, तरी सरासरी ४५ रुपये सुटले. हे सर्व मिळून १५५ रुपये होतात, आणि २९० चे १३५ राहतात.

आतां संबंध मोसमाचे खर्च पहा. कचेऱ्यांतून दाखविण्यास पांच नमुन्याच्या करंड्या फुकट द्याव्या लागल्या. त्यांचे ३,०५० रुपये. सामानासाठीं ६१,००० रुपये आधीं घालावे लागले. ते शेंकडा १२ व्याजानें तीन महिन्यांकरितां काढले तर १,८३० रुपये व्याज. नोंदणी, छापून उरलेलीं शुभेच्छापत्रें इत्यादि किरकोळ ६२० रुपये. एकूण ५,५०० रुपये, म्हणजे करंडीमागें ५५. आतां हातांत राहिले ८० रुपये. आणि अजून ज्यांनीं लाडू वळले त्यांना एक पैही दिलेली नाहीं.

न लिहिलेली मजुरी

शंभर करंड्यांना नव्वद किलो फराळ लागतो. भाजणी करणें, चिवडा परतणें, चकल्या पाडणें, लाडू वळणें हें काम तीन बायकांनीं रोज आठ तास धरलें तरी आठवडाभर पुरतें. त्याचे १६८ तास. शिवाय एक करंडी भरून, कागद लावून, फीत बांधून, खोक्यांत घालण्यास वीस मिनिटें धरलीं तर त्याचे तेहतीस तास. म्हणजे सुमारें २०० तास, किंवा करंडीमागें दोन तास. ८० रुपयांस दोन तास, म्हणजे ताशी ४० रुपये. आठ तास उभें राहून कढईपुढें भाजल्याचे ३२० रुपये! बाहेरून मदतीला एखादी बाई लावावयाची म्हटली, तर ती या दरानें आपल्या दारांत उभी तरी राहील काय?

उत्तर सर्वांस ठाऊक आहे. आणि तरीही घरच्या बायकांचे तास आपण शून्य धरतों. कारण सासूबाई 'तेवढाच हातभार' म्हणून बसलेल्या असतात, जाऊबाई शाळेंतून आल्यावर मदत करतात, आणि जिनें धंदा काढला ती रात्रीं मुलें निजल्यावर फिती बांधते. या सर्वांच्या श्रमांवर ती करंडी स्वस्त झालेली असते. गिऱ्हाइकाला जी स्वस्ताई मिळते, ती व्यापारांतील हुशारीची नसून घरांतील बायकांच्या पाठीची असते.

ही मजुरी आधीं धरली तर किंमत काय पडावी? ताशी ८० रुपये, म्हणजे दिवसाचे ६४०, हा दर चैनीचा नव्हे. त्याप्रमाणें करंडीमागें १६० रुपये मजुरी पडते. सामान, इंधन, पोंचविणें, तूट, मोसमाचे खर्च आणि ही मजुरी यांची बेरीज ९३५ रुपये होते. सरासरी शेंकडा पांच सवलत सोडून, आणि विक्रीवर शेंकडा दहा खरा नफा धरून, किंमत ११०० रुपये यावयास पाहिजे. म्हणजे ९०० रुपयांची करंडी विकणारी बाई प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातीं करंडीबरोबर दोनशें रुपये ठेवीत असते, आणि तें तिला कळतही नाहीं.

'एवढी किंमत सांगितली तर घेणार कोण?' हा प्रश्न येथें हटकून येतो. तो खराही आहे. पुण्यांत दि पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संस्था गेलीं कित्येक वर्षें दिवाळींत लाडू-चिवडा 'ना नफा ना तोटा' या तत्त्वावर विकीत आली आहे. मोठे मिठाईवालेही यंत्रावर चकल्या पाडतात. किलोच्या भावांत त्यांच्याशीं स्पर्धा करणें घरगुती कढईला शक्य नाहीं, आणि तिनें ती करूंही नये. ज्याला केवळ चिवडा हवा आहे तो तेथें जाईल. करंडी घेणारा चिवडा विकत घेत नसून, दुसऱ्याकरितां विचार करण्यास व ती भेट नीट पोंचविण्यास लागणारा वेळ विकत घेत असतो. आपल्या विक्रीची वस्तु हा वेळ आहे, हें ज्या बाईला उमजलें, ती जिनसांचें वजन वाढवून गिऱ्हाईक ओढण्याच्या मागें लागत नाहीं. थोड्या वस्तु, नेटकी मांडणी, ठरल्या दिवशीं पोंच आणि पत्रावर घेणाराचें नांव सुवाच्य अक्षरांत: यांकरितां लोक पैसे देतात.

मजुरी आधीं धरण्याचें एक मोठें उदाहरण मुंबईंतच आहे. १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापडाचा धंदा आरंभिला. तोच पुढें श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नांवानें देशभर पसरला. त्या संस्थेंत पापड लाटून आणणाऱ्या भगिनीला तिच्या लाट्यांची मजुरी मोजून मिळत आली आहे. पापड हा जिन्नस कोणत्याही घरांत होणारा. परंतु लाटणारीचा हात फुकट नाहीं, ही गोष्ट तेथें वहींत लिहिली गेली. घरगुती उद्योग आणि घरगुती हिशेब या एकच गोष्टी नव्हेत, हें त्यावरून दिसतें.

एका महिन्याची सुगी

या धंद्याचा दुसरा स्वभाव असा कीं, त्याचें वर्ष एका महिन्यांत सामावलेलें असतें. पितृपंधरवडा संपून घट बसले कीं मागण्या सुरू होतात आणि भाऊबीज झाली कीं बंद पडतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं उरलेली करंडी ही केवळ शिळी होत नाहीं, तर निरर्थक होते. तिच्यावरील 'शुभ दीपावली' हीं अक्षरेंच तिचे शत्रु बनतात. वरील उदाहरणांत एक करंडी न विकतां पडून राहिली तर सामान व इंधन मिळून ६२५ रुपये गेले. आणि विकलेल्या करंडीमागें, मजुरी व मोसमाचे खर्च न धरतां, उरले होते १३५ रुपये. म्हणजे एका न खपलेल्या करंडीनें साडेचारांहून अधिक खपलेल्या करंड्यांची कमाई खाऊन टाकली. यास्तव मागणीपेक्षां दहा करंड्या 'असूं द्याव्या हाताशीं' म्हणून करणें ही या धंद्यांतील सर्वांत महागडी हौस आहे. जादा ठेवावयाचेंच तर रिकाम्या करंड्या व खोके ठेवावेत, भरलेल्या नव्हेत. आणि त्यांवर सणाचें नांव छापूं नये, म्हणजे त्या संक्रांतीला वा डोहाळजेवणाला उपयोगीं पडतात.

सणाची तिथि इंग्रजी महिन्यांत मागेंपुढें सरकते, हेंही विसरूं नये. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरास पडलें. २०२५ सालीं तें २१ ऑक्टोबरास आलें. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठामुळें पुन्हां ८ नोव्हेंबरास. दिवाळी लवकर आली कीं ऑक्टोबरच्या उन्हांत लाडवाचें तूप सुटतें व चॉकलेटें वितळतात. शिवाय पगार होण्याआधींच सण आला तर घरगुती गिऱ्हाईक हात आवरतें. पंचांग व तारखेचें कॅलेंडर दोन्ही समोर ठेवूनच वर्षाचा बेत आंखावा.

सामान केव्हां घ्यावें यालाही महत्त्व आहे. न नासणाऱ्या वस्तु, म्हणजे करंड्या, खोके, कागद, फिती, पितृपंधरवड्याच्या आधींच घेऊन ठेवाव्या. पुण्यांत बुरूड आळी, बोहरी आळी अशा ठिकाणीं स्वतः जाऊन घाऊक घेतल्यास किरकोळ दुकानापेक्षां बरीच बचत होते. आणि हा खर्च करंडीच्या किंमतीचा चौथा-पांचवा हिस्सा असल्यामुळें ती बचत दिसण्याजोगी असते. नासणारें सामान मात्र मागणी हातीं आल्यावरच घ्यावें. करंडींत जे पदार्थ घालावयाचे ते टिकाऊच असावेत. ओल्या नारळाची करंजी घरीं कितीही नांवाजली गेली तरी ती दोन दिवसांची पाहुणी, आणि करंडी एखाद्या कचेरींत तीन दिवस पडून राहणार. गोड व तिखट जिन्नस एका पिशवींत घालूं नयेत. चकली सर्वांत वर, आणि काजू-बदाम निराळ्या डबींत.

एका महिन्याची सुगी बारा महिने पुरविण्याचा प्रयत्न मोठमोठ्या पेढ्यांनाही जड गेला आहे. अमेरिकेंत ऑरेगॉन प्रांतांतील मेडफर्ड येथें हॅरी व डेव्हिड या होम्स बंधूंनीं मंदीच्या काळांत, १९३४ सालीं, आपल्या बागेंतील नासपती टपालानें भेट म्हणून पाठविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नांवाच्या फळांच्या करंड्या सर्व देशभर प्रसिद्ध झाल्या. परंतु विक्रीचा मोठा भाग नाताळच्या सुमारास. त्यांत कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झालेला, आणि २०१० चा नाताळ मनासारखा गेला नाहीं. मार्च २०११ मध्यें त्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढें २०१४ सालीं ती दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतली. पाऊणशें वर्षांच्या नांवलौकिकाला जेथें एक वाईट मोसम पेलवला नाहीं, तेथें कर्ज काढून पहिल्याच दिवाळींत पांचशें करंड्यांची उडी घेणाऱ्यानें क्षणभर थांबावें हें बरें.

आपल्याकडे एक सोय मात्र आहे, ती म्हणजे आपल्या सणांची संख्या. राखी, गौरीगणपति, संक्रांत, चैत्रांतील हळदीकुंकू, उन्हाळ्यांतील लग्नें व मुंजी, बारसें, डोहाळजेवण, आणि अडीच-पावणेतीन वर्षांनीं येणारा अधिक महिना, या प्रत्येकाची करंडी निराळी होऊं शकते. दिवाळींत शंभर करण्यापेक्षां दिवाळींत चाळीस आणि वर्षभर महिन्याला पांच-सहा, हा बेत कमी डोळे दिपविणारा खरा. परंतु त्यांत भांडवल थोडें अडकतें, हात एकदम थकत नाहींत, आणि एका सणाची चूक दुसऱ्या सणांत भरून निघते.

उधारी आणि उचल

घरगुती गिऱ्हाईक बहुधा रोख देतें. कचेऱ्यांची मोठी मागणी आली कीं आनंद होतो, पण तिच्याबरोबर उधारी येते. माल धनत्रयोदशीपूर्वीं हवा, सवलत हवी, प्रत्येक करंडीवर कंपनीचें चिन्ह हवें. पैसे मात्र मागील दारानें, दोन-तीन महिन्यांनीं. दरम्यान वाण्याचें व छापखान्याचें देणें आपल्या शिरावर. धंद्यांत नफा असूनही हातांत पैसा नसणें, ही स्थिति अनेक नवख्यांना प्रथम येथें भेटते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, मागणीबरोबर निम्मी रक्कम आगाऊ घेणें. चिन्ह छापलेली करंडी दुसऱ्या कोणास विकतां येत नाहीं. म्हणून अशा मालावर आगाऊ घेतल्याखेरीज छापखान्याची पायरी चढूं नये. दुसरा उपाय कायद्याचा. केंद्र सरकारच्या 'उद्यम' नोंदणींत आपल्या लहान उद्योगाचें नांव विनामूल्य घालतां येतें. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें, अशा नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदारानें ठरलेल्या मुदतींत, आणि ठराव केलेला असला तरी जास्तींत जास्त ४५ दिवसांत, दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. लहानशा घरगुती उद्योगानें मोठ्या कंपनीवर दावा लावावा असें नव्हे. परंतु बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक व मुदत छापलेली असली कीं, हिशेबखात्यांतील लोकांच्या हातांत वेग येतो.

आगाऊ रक्कम घेण्याची दुसरी बाजूही ध्यानांत ठेविली पाहिजे. ती मिळकत नव्हे. तें देणें आहे. माल पोंचेपर्यंत तो पैसा गिऱ्हाइकाचा असतो. इंग्लंडांत स्विंडन येथें फेअरपॅक नांवाची नाताळच्या करंड्यांची कंपनी होती. सामान्य स्थितींतील कुटुंबें वर्षभर थोडे थोडे पैसे शेजारपाजारच्या मध्यस्थ बायकांकडे भरीत आणि नाताळांत करंडी किंवा खरेदीचीं कुपनें घेत. आपल्या दिवाळी भिशीसारखाच प्रकार. हा पैसा निराळा न ठेवतां मूळ कंपनीच्या एकंदर कारभारांत गेला. ऑक्टोबर २००६ मध्यें, नाताळ दोन महिन्यांवर असतां, कंपनी बंद पडली आणि लाखाहून अधिक कुटुंबांचे कोट्यवधि पौंड अडकले. ज्या बायकांनीं आपल्या भावजयींकडून, मैत्रिणींकडून पैसे गोळा केले होते, त्यांची आपल्याच आळींत काय स्थिति झाली असेल, याची कल्पना आपण सहज करूं शकतों. आपल्या सोसायटींत फराळाची भिशी चालविणाऱ्या प्रत्येकीनें तो पैसा स्वतंत्र खात्यांत ठेवावा आणि त्याला सामानाखेरीज दुसऱ्या कशासाठींही हात लावूं नये.

सरकारी बाजू

खाद्य पदार्थ विकावयाचे म्हटले कीं, ते घरच्या स्वयंपाकघरांत झालेले असले तरी, २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालीं नोंदणी करावी लागते आणि तिचा क्रमांक पुडीवर छापावा लागतो. शिवाय जिनसांचीं नांवें, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख व शाकाहाराची हिरवी खूण. हें काम कठीण नाहीं. पण तें दिवाळीच्या तोंडावर काढूं नये.

वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. महाराष्ट्रांत केवळ माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आंत असेल तर नोंदणीची सक्ति नाहीं. मात्र करपात्र माल परराज्यांत विकावयाचा तर ही सवलत लागत नाहीं. पुण्याहून बंगलोरच्या गिऱ्हाइकाला करंडी पाठविण्यापूर्वीं हें एखाद्या कर-सल्लागारास विचारून घ्यावें. ज्यांची नोंदणी झालेली आहे त्यांच्यासाठीं आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. निरनिराळ्या दराच्या वस्तु एकत्र भरून एकाच किंमतीस विकल्या तर कायदा त्यास 'मिश्र पुरवठा' म्हणतो, आणि आंतील ज्या वस्तूचा कर सर्वांत जास्त, तो दर सबंध करंडीवर लागतो. खुद्द कायद्यानें यासाठीं दिलेलें उदाहरण मिठाई, चॉकलेट, सुका मेवा आदि भरलेल्या पेटीचेंच आहे. शेंकडा ५ कराच्या फराळाशेजारीं शेंकडा १८ कराची एखादी शोभेची वस्तु हौसेनें ठेविली कीं, सगळी करंडी १८ च्या दरांत गेली! सजावटीची निवड करतांना डोळ्यांबरोबर या कोष्टकाकडेही पाहिलें पाहिजे. आणि जी कंपनी या करंड्या भेट म्हणून वांटते तिला त्यांवरील कराची वजावट मिळत नाहीं. म्हणून तिचा खरेदी-अधिकारी करासकट किंमत पाहूनच घासाघीस करतो, हें समजून दर सांगावा.

घरांतील वांटणी

आतां शेवटची आणि एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें सर्वांत नाजूक बाब. हा धंदा घरांत चालतो. म्हणजे घराचें स्वयंपाकघर, घराचा गॅस, घराच्या वडीलधाऱ्यांची झोंप, आणि ऐन सणांत घरच्या फराळाला होणारा उशीर, हें सर्व त्यांत खर्ची पडतें. त्याचा उल्लेख कोणी करीत नाहीं. मनांत मात्र सांचत जातो. एका बाजूस थोरल्या बाईंना वाटतें कीं, सुनेच्या हौसेपायीं आपली दिवाळी कढईपुढें गेली. दुसऱ्या बाजूस सुनेला वाटतें कीं, एवढें करून आपल्या कामाला कोणी काम म्हणत नाहीं. दोघींचें म्हणणें खरें असतें, आणि दोघींच्या गाऱ्हाण्याचें मूळ एकच असतें: हिशेब लिहिलेला नसतो.

म्हणून या धंद्याची वही घरखर्चाच्या वहीहून निराळी असावी, आणि बँकेंतील खातेंही निराळें असावें. घरच्या डब्यांतून घेतलेलें तूपसुद्धां त्या दिवसाच्या भावानें धंद्याच्या नांवें टाकावें. गॅसच्या सिलिंडरचा हिस्सा व स्वयंपाकघराचें लहानसें भाडें घरखर्चाच्या खात्यांत जमा करावें. जो जो बसला त्याचे तास लिहावेत, मग त्या सासूबाई असोत, नणंद असो वा सुट्टींत घरीं आलेला पुतण्या असो. आणि भाऊबीज झाल्यावर प्रत्येकाच्या हातीं त्याची मजुरी द्यावी. पुष्कळ घरांत थोरली माणसें ती घेणार नाहींत. 'घरच्या माणसाला कसली मजुरी?' म्हणून रागावतीलही. तरी ती द्यावी. घेऊन त्यांनीं ती नातवाला दिली, देवापुढें ठेविली किंवा पुन्हां धंद्यांत घातली, तर तो त्यांचा मान झाला. न देतां गृहीत धरली तर तें त्यांच्या श्रमाचें विस्मरण झालें.

मजुरी देऊन जें उरेल तें कोणाचें? कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें स्त्रीनें स्वतःच्या कसबानें व श्रमानें मिळविलेली संपत्ति ही तिची संपूर्ण मालकीची असते. ती कुटुंबाची सामाईक मिळकत ठरत नाहीं. घरानें त्यांतील कांहीं भाग मागावा कीं नाहीं, आणि तिनें आपण होऊन तो द्यावा कीं नाहीं, हा प्रेमाचा प्रश्न आहे. परंतु प्रेमानें देण्याकरितांसुद्धां तें प्रथम तिचें आहे हें मान्य झालें पाहिजे. जें आपलें नाहीं तें कोणी देऊं शकत नाहीं. धंदा तोट्यांत गेला तरीही हीच वही उपयोगीं पडते. कारण मग तोटा किती व कशानें झाला हें दिसतें, आणि 'तुझ्या त्या करंड्यांत घराचे पैसे गेले' असें कोणास मोघम म्हणतां येत नाहीं.

यावरून हा उद्योग करूंच नये, असें सुचविण्याचा हेतु नाहीं. भांडवल थोडें, शिकण्यास लागणारें बहुतेक कसब घरींच मिळालेलें, आणि गिऱ्हाईक प्रत्येक सणाला नव्यानें उभें राहणारें, असे धंदे फार थोडे आहेत. मात्र पहिली करंडी भरण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावीत: एका करंडीला किती तास लागतात, त्या तासांचा दर काय, आणि पैसे हातीं कोणत्या तारखेस येणार? हीं उत्तरें लिहून किंमत ठरविली, आणि त्या किंमतीस शंभराऐवजीं तीसच करंड्या खपल्या, तरी चिंता करूं नये. ताशी चाळीस रुपयांनीं शंभर करंड्या करून पाठ धरण्यापेक्षां, ताशी ऐंशी रुपयांनीं तीस करंड्या करून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं घरच्या माणसांबरोबर निवांत बसणें, हा अधिक किफायतशीर व्यापार आहे.